आखाजीच्या आगारीत अळिंबी

ती. आई,

आज आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. तुमच्या नावाची पहिली घागर भरली. लाल मातीची, गळ्याशी दोरा, वर खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. गॅलरीत घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या आणि तुमच्या वाट्याचा घास निखाऱ्यावर सोडला. आगारी म्हणजे गेलेल्या माणसाला धुरातून पाठवलेलं जेवण. वारा हजीऱ्याच्या दिशेने होता, तेव्हा वाटेत कंपन्यांचाही धूर मिसळला असेल. चव बदलली असली तर त्याचं खापर माझ्यावर फोडू नका.

पण त्या आगारीवरून सकाळी तुमच्या लेकीचं आणि माझं असं वाजलं, की खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनने ऐकायला सोयीचं पडावं म्हणून आपला टीव्ही बंद केला. ताईंची बाजू तुम्ही त्यांच्या स्वप्नात जाऊन ऐकालच. लेक म्हटलं की तुम्ही अमळनेरला जाणारच. माझ्याकडे याल याची खात्री नाही. म्हणून हे पत्र.

भांडण अळिंबीवरून. माळकरी बाईच्या आगारीत मशरूमचा रस्सा जावा की नाही, एवढाच प्रश्न होता. पण एवढाच प्रश्न दोन बायकांना एक सकाळ पुरतो, हे तुम्हाला मी काय सांगू?

आधी तुमची तक्रार तुम्हालाच सांगते. इथे गुजरातेत, डिंडोलीच्या आपल्या गल्लीत तुमच्यासारखा मटणाचा रस्सा कोणाला जमत नव्हता. बाबा गेले, तुम्ही माळ घातलीत, मटण घराबाहेर गेलं. काळा मसाला मात्र गेला नाही. दर उन्हाळ्यात तेवढाच भाजायचात, तेवढाच कुटून आणायचात, आणि मग तो घालायला दुसरं काही नाही म्हणून वांग्यांचा छळ. सोयाबीनच्या वड्यांना एकदा संधी दिलीत. एक चावून ताटात परत ठेवलीत. "हाई तं भिजेल बोळा शे." विषय संपला.

मग मी एक दिवस बाजारातून बटण अळिंबीचा डबा आणला. तुम्ही साडीला लेस लावत बसला होतात. सुई हवेतच राहिली.

"हाई काय शे वं?"

"मशरूम, आई."

"कुत्र्याची छत्री?"

मी म्हटलं, इकडे गुजरातीत याला बिलाडीनो टोप म्हणतात, मांजरीची टोपी. तुम्ही गंभीरपणे विचार केलात आणि म्हणालात, "कुत्र्यानं वापरेल, मांजरीनं वापरेल. मंग मानसानं कसाले खावानं?"

तरी चुलीपाशी आलात. तुमची जिज्ञासा तुमच्या सोवळ्यापेक्षा नेहमी दोन पावलं पुढे असायची. मी भाजी केली, तुमच्यापुढे वाटी धरली, तर वाटी माझ्याकडे सरकवलीत. "आधी तू खाय. पोऱ्याले दुसरी बायको भेटी जाई, दुसरी माय कोठून भेटी?" घरात इतका स्वच्छ हिशेब मी पुन्हा कधी ऐकला नाही. मी खाल्लं. तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्याकडे डॉक्टरसारख्या बघत होतात. मी धडधाकट राहिले याचा आनंद झाला की वैताग, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चव घेतलीत आणि निकाल दिलात, "पानचट." माझी चूक होती. चिरली, मीठ घातलं, झाकण ठेवलं. बिचारी आपल्याच पाण्यात उकडून निघाली. तुम्ही पातेलं बाजूला सारलंत, लोखंडी कढई तापवलीत, अळिंबी कोरडीच टाकलीत. पाणी सुटलं, आटलं, कडा तांबूस झाल्या, तेव्हा कुठे तेल, आणि मीठ सगळ्यात शेवटी. कोणी शिकवलं होतं तुम्हाला? विचारलं तर म्हणालात, "मटन शिकाडस ना." म्हणजे माळ गळ्यात होती, हात अजून जुन्याच पक्षात होते.

मग सुरूच झालं. धिंगरी आली, ती शिंपल्यासारखी पसरट. तिला सुरी लावू द्यायचा नाहीत. हातानं लांब लांब फाडायची, जाळीवर भाजायची, हिरवी मिरची, लसूण, भाजके दाणे, कांद्याची पात, आणि वांग्याच्या भरितासारखी बडग्यानं ठेचायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खाताना आपण घरात कोणी बोलत नसू. उन्हाळ्यात दुधी अळिंबी, पांढरीशुभ्र, दांडा मनगटाएवढा. टोपीचा भाग तव्यावर, दांड्याचे तुकडे रश्शात, आणि रस्सा मंद आचेवर, दांडे मऊ होईस्तोवर. बटणाला तुम्ही शेवटी मसालेभातात बसवलंत. "गरीब शे," म्हणायचात, "कोठेबी बसी जास."

पावसात मागच्या भिंतीला आपोआप उगवलेल्या छत्र्या मात्र तुम्ही कोणाला शिवू दिल्या नाहीत. शेजारची सून म्हणाली, फुकटच्या आहेत, तर तुम्ही म्हणालात, "दवाखाना फुकट नही शे." बाजारातलंच, ओळखीच्या माणसाकडचंच. या बाबतीत तुम्ही एखाद्या सरकारी खात्यापेक्षा कडक होतात, आणि निकालही जागच्या जागी.

मग तो शिताकेचा, त्या जपानी अळिंबीचा दिवस. आठवला की मला अजून हसू येतं. माझा भाऊ हजीऱ्याच्या कंपनीत. तिथला कोणी परदेशी साहेब घरी परत जाताना कपाट रिकामं करत होता, त्यातलं वाळक्या अळिंबीचं पाकीट भावानं आणून दिलं. काळपट, सुरकुतलेली, चामड्याची बटणं वाटावीत अशी. कोमट पाण्यात भिजवली तर सगळ्या घराला ओल्या गोणपाटाचा वास. मी ते पाणी मोरीत ओतायला निघाले. तुम्ही हात धरलात, बोट बुडवून चाटलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी भांडं खाली ठेवलं.

ते पाणी तुम्ही रश्शात घातलंत. विस्तवावर भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, आणि वर ते पाणी. अर्ध्या तासात वास गल्लीत उतरला. आपली गल्ली म्हणजे खालची बेन सोडली तर सगळे खानदेशी. कोणाच्या घरी काय शिजतंय ते भिंतीपलीकडून सांगणारे लोक. भजनी मंडळाच्या विमलकाकू दोघींना बरोबर घेऊन आल्या. चपला दारात, नजर थेट शेगडीवर.

"यमुनाबाई, गळ्यात माळ आणि घरात मटण?"

मी घाबरले. एक भावाचं पाकीट, आणि तुमची मंडळातली जागा जाणार, एवढंच डोळ्यांपुढे. तुम्ही पाट सरकवलात.

"बस विमल. तू माळ घालायच्या आधी गल्लीतले निम्मे बोकड तूच संपवलेस. तूच ओळख, हे बोकडाचं कोणतं अंग."

विमलकाकूंनी पळीनं एक तुकडा वर काढला, उजेडात धरला. "कान दिसतो."

"कोणत्या बोकडाले इतला कान ऱ्हास?"

बाकीच्या दोघी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. विमलकाकूंनी खाल्लं नाही, पण वास घेऊन पाहायला तीनदा वाकल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची सून डबा घेऊन आली. घरी पाहुणा आजारी आहे आणि डॉक्टरांनी मशरूम सांगितलंय, म्हणे. तो पाहुणा मग बरेच महिने आजारी राहिला. तुम्ही दर वेळी डबा भरून दिलात आणि त्याच्या तब्येतीची चौकशीही केलीत, अगदी सरळ चेहऱ्यानं.

एक गोष्ट मात्र मला लागायची. लोक कौतुक करायला लागले की तुम्ही म्हणायचात, "सून आनस, रांधस मी." आणणं तेवढंच माझं? फाडणं, भाजणं, वाटणं कोणाचं होतं? जाऊ द्या. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे हा मुद्दा मी जिंकले असं धरते.

थंडीत तुम्ही गेलात तेव्हा धिंगरीची पिशवी फ्रीजमध्ये होती, रविवारसाठी आणलेली. पाहुणे पांगल्यावर पाहिलं तर काळी पडली होती. ती टाकताना मी जितकी रडले तितकी घाटावर रडले नव्हते. हे कोणाला सांगितलेलं नाही. पिशवीसाठी रडणारी सून म्हणून गल्लीत नाव व्हायचं.

तर आज सकाळी. सुनंदाताई काल रात्रीच अमळनेरहून आल्या होत्या. मी ओट्यापाशी धिंगरी फाडत होते, शेगडीवर दुधी अळिंबीचे दांडे रश्शात शिजत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, हे कोणासाठी?"

"आईंच्या आगारीसाठी."

"पुरणपोळी आहे, रस आहे, कुरडया-भजी आहेत. माळकरी बाईच्या आगारीत कुत्र्याच्या छत्र्या टाकशील? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, लोक म्हणजे विमलकाकू, आणि त्यांनी दोनदा फोन करून विचारलंय की रस्सा उरणार आहे का. ताईंना ते आवडलं नाही. मग आवाज चढले. तुमचे चिरंजीव घागरीचा दोरा नीट करायच्या निमित्तानं गॅलरीत गेले ते तिथेच राहिले. भांडणात त्यांची जागा कायम दोऱ्यापाशी.

शेवटी ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, "तू काय सांगतेस मला आईचं? तिला खायची आवडच नव्हती. आम्ही सगळे उठल्यावर बसायची. पातेलं पुसून भाकरीचा तुकडा. एवढा रस्सा करायची, पण तिच्या ताटात रस्सा मी पाहिलेला नाही. अशा बाईच्या नावानं चोचले कशाला?"

मला तोडून बोलता येतं, तुम्हाला ठाऊक आहे. जिभेवर काही तरी तयारही होतं. पण ते बाजूला राहिलं आणि भलतंच बाहेर आलं.

"ताई, अळिंबी असली की त्या आधी जेवायच्या."

"कोण?"

"आई. पहिली वाटी त्यांची. कढईपाशी उभ्या राहूनच, गरम, फुंकर मारत. आम्ही ताटं घेऊन थांबायचो. ह्यांनी एकदा मध्ये हात घातला तर पळी बसली होती."

गॅलरीतून हे म्हणाले, "बसली होती." सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

ताई पाटावर बसल्या. मग विचारलं, "गरम?"

"चटका बसेल इतकं."

"आणि वरची लाल तरी घ्यायची?"

"सगळी तरी स्वतःला. आम्हाला खालचं."

तुमची लेक हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मग रश्शाची वाटी उचलून गॅलरीत निघाली. दारापाशी थांबली, वाटीला बोट लावून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिली. "थंड झालाय. गरम करून आण."

मी गरम करून आणला. निखाऱ्यावर पहिला घास पुरणपोळीचा टाकतात. ताईंनी रश्शाचा टाकला, तरीसकट. चर्र झालं आणि तिखट धूर असा उठला की आम्ही तिघंही खोकत आत आलो. खालच्या बेननं खिडकी लावून घेतली. तुमचा निरोप आहे असं आम्ही धरलं.

मग पंगत बसली. ताईंनी दोनदा रस्सा मागून घेतला. विमलकाकूंचा डबा गेला. मी वाढत होते, सगळ्यांचं होऊन गेल्यावर ताट घेतलं आणि पातेल्यात पाहिलं. तळाशी एक तमालपत्र होतं. मी भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसलं, आणि तो तोंडात घालताना लक्षात आलं की मी काय करतेय.

तेव्हा आई, वचन देते. दरसाल तुमचा घास आधी, आणि चटका बसेल असा. आणि उद्या राहिलेली धिंगरी करणार आहे. पहिली वाटी मी कढईपाशीच काढून घेणार, तरीसकट, उभ्यानं, गरम. कोणी मध्ये हात घातला तर पळी हाताशी आहे.

तुमची,
आणणारी आणि आता रांधणारीही सून,
शैला