प्रेस नंबर चारची दोरी

५ फेब्रुवारी, सोमवार

शी! जुन्या कारखान्याचं संग्रहालय होतंय, मांडणी माझ्याकडे. आज आत पाऊल टाकलं तर प्रेस नंबर चार हिरवीगार! तेलरंग! चाळीस वर्षांचं वंगण, हातांनी झिजलेल्या खुणा — सगळं बुजवलं. "मॅडम, कशी चमकतेय बघा," रंगारी म्हणतो. आणि दांडीवरची दोरी? "ती होय! कळकट होती. कापून टाकली."

कचऱ्याच्या बादलीत हात घातला. या वयात! थोटकं, रंगाची फडकी, चहाचा चोथा. पण सापडली. गाठ शाबूत आहे.

६ फेब्रुवारी

लिहून ठेवलेलं बरं. ही प्रेस पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकायची. दोन हातांनी दोन दांड्या ओढल्या तरच खाली येई — म्हणजे हात आत सापडायला नकोत. एक दांडी दोरीने बांधून टाकली की काम एका हाताचं. झाकणं दुप्पट. बोटं कमी.

धाकटे मालक आता संग्रहालयाचे अध्यक्ष आहेत. म्हणाले, "ताई, लोक मुलाबाळांना घेऊन येणार. कशाला हे घाणेरडं? आणि दोरी कामगारच बांधायचे. हावरेपणा!" वर अपघातांची वही पुढे केली. 'कारण' या रकान्यात एकतीस वेळा एकच — स्वतःचा निष्काळजीपणा. शिसारी आली. माणसाची बोटं जातात आणि वर हे!

दोरी ठेवायची की फेकायची, शनिवारी बैठकीत ठरणार.

८ फेब्रुवारी

दिवसभर पप्पांची आठवण. याच कारखान्यात पाळीचे सुपरवायझर. मला शाळेच्या फाटकाशी सोडून कामावर जायचे. त्यांच्या अंगाला तेलाचा वास यायचा. तो मला अजून आवडतो. माझी प्रगतिपुस्तकं त्यांनी सुतळीने एकत्र बांधून ठेवलेली. गठ्ठा कपाटात तसाच आहे. सोडवत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनबोटे काकांकडे गेले. हे नाव त्यांनीच घेतलंय — "आडनाव काय विचारता, हात बघा की!" चार नंबरवर पंधरा वर्षं होते. दोरी पुढ्यात ठेवली. हसणं थांबलं.

"तुम्ही बांधायचात, काका?"

"आम्ही कशाला? पाळीवर येण्याआधीच बांधलेली असायची. सोडली तर घरी बसा!"

"मग बांधायचं कोण?"

उरलेल्या बोटांनी दोरी माझ्याकडे सरकवली. "बेबी, चहा घे. निवतोय."

साठी उलटली तरी मी यांची बेबीच! मालकांचा धाक अजून गेला नाही बिचाऱ्यांचा. कीव आली. संतापही.

१० फेब्रुवारी

जिंकले! दोरी राहणार! तावातावाने बोलले — ज्याने बांधली त्याचं नाव दोरीखालच्या पाटीवर आलंच पाहिजे. कळेपर्यंत जागा रिकामी सोडायची. धाकटे मालक कुत्सित हसले. "शोधा ना, ताई. मिळालं तर खुशाल लिहा." आणि रुमालाने हात पुसले. दोरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं! किळसवाणा माणूस.

११ फेब्रुवारी, रविवार

पाटीवर लांबी लिहायची म्हणून दोरी घरी आणली. खिडकीशी बसून भिंगातून पाहिली. दोन वेढे, मग टोक उलटं वळवून आत खोचलेलं. इतकी नीटनेटकी गाठ! अशी कुठेतरी पाहिली आहे —

उठून कपाट उघडलं.

शी.

१२ फेब्रुवारी

काकांना फोन केला. "तुम्हाला माहीत होतं."

म्हणाले, "बोटं माझी गेली, बेबी. तुझे पप्पा कशाला जायला हवेत?"

गठ्ठा न सोडवता संग्रहालयात नेला. दोरीशेजारी ठेवला. पाटीवरच्या रिकाम्या जागेत पप्पांचं नाव लिहिलं.