निवडुंगाच्या वड्या इथंच येऊन खाव्यात

आणि वर तू म्हणतेस, मी सजवायला वड्या पाठवल्या नाहीत म्हणून यंदा तीन राजांच्या सणाचा पाव उघडाबोडका गेला. होविता मावशी, तुझ्या हाताचा मुका घेऊन आणि तुझे गुडघे, काकांचा खोकला व होडीची गळती (याच क्रमाने) यांची चौकशी करून पुन्हा सांगतो. त्या वड्या ज्या बिस्नागेच्या गराच्या होतात, ती पिंपाएवढी गोल निवडुंगीण तोडायला सरकारची बंदी आहे. त्याहून कडक बंदी आमच्या मालकांची, म्हणजे डोन सिरिलोंची. सरकार डांबरी रस्ता संपला की परत जातं; डोन सिरिलो बकऱ्यांच्या मागून कुठेही पोहोचतात.

काट्यांत बसून खातोस तरी काय, असंही तू विचारलंस. तर ऐक. ईस्टरआधीच्या उपासात बिस्नागेच्या डोक्यावरच्या कळ्या अंड्यात परतून खातो. (त्या चिमट्याने, पोराच्या डोक्यातली ऊ काढावी तशा, झाडाला न दुखवता खुडायच्या असतात. माझी बोटं पाहून मालकांची मुलगी ओतिलिया म्हणाली की कळ्या झाडावरच राहिल्यात, काटे मात्र सगळे तू आणलेस.) काटा तापवून वाकवला की गळ होतो. मी काकांसाठी एक केला आहे. इथं मासा नसल्यामुळे तूर्त त्याला टोपी टांगतो. बिस्नागेच्या शेंड्यावरची लोकर उशीत भरतात. माझ्या उशीत लोकरीबरोबर एक काटाही निघाला, तो चुकून राहिला असं ओतिलिया म्हणते, आणि म्हणताना हसते.

आता खरा अपराध सांगतो, कारण तो तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायला नको. आमची कर्नलीणबाई नावाची बकरी हरवली. तिला शोधता शोधता मीच हरवलो. बिस्नागा नेहमी दक्षिणेकडे झुकते असं इथं शेंबडं पोरही सांगतं, आणि घर दक्षिणेला. म्हणून एक झुकलेली गाठली आणि नाकासमोर चालत सुटलो. (ती गाढवाने रोज पाठ घासून पश्चिमेला झुकवलेली होती, हे मला मागाहून कळलं. गाढवाला आधीपासून माहीत होतं.) ऊन डोक्यावर आलं, पाणी संपलं. तेव्हा काकांचं वचन आठवलं, की वाळवंटात बिस्नागा म्हणजे पाण्याचा रांजण. काकांनी आपली खाडी सोडून जगात दुसरं काही पाहिलेलं नाही हे त्या वेळी आठवायला हवं होतं, पण तहानेला अक्कल नसते. चांगली कमरेएवढी बिस्नागा पाहून कोयत्याने मुंडकं उडवलं. आत पाणी नाही; बुळबुळीत, कडूजहर गर. तोच पिळून प्यालो. पुढचा बराच वेळ एका झुडपाआड गेला, आणि तिथून टेकाडाखाली एक घर दिसत होतं. ते आमचंच. मी मागच्या बाजूने आलो होतो, इतकंच. उठून येतो तो कर्नलीणबाई तोच गर मिटक्या मारीत खात उभी. तिला काहीसुद्धा झालं नाही.

डोन सिरिलो आले. त्यांनी टोपी काढली, माझ्यासमोर नव्हे, बिस्नागेसमोर. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "माझ्या आजोबांच्या लहानपणी ही मुठीएवढी होती. पुन्हा एवढी होईपर्यंत तू इथून हलायचं नाहीस."

तिचं बी सार्डिनच्या डब्यात पेरलं आहे. रोप अजून मसुरीएवढंही नाही. मी जन्मठेप समजून रडकुंडीला आलो, तर ओतिलिया म्हणाली, "वेड्या, मागच्या गुराख्याने नुसती बादली फोडली, तर बाबांनी त्याला दुपारच्या बसमध्ये बसवलं. राहा असं त्यांनी आजवर कुणाला म्हटलेलं नाही." मला ते समजायला दोन दिवस लागले. तिसरीत शाळा सोडली त्याचा परिणाम.

सर्वांना नमस्कार. होडीला डांबर लावा.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
फिदेन्सिओ

ता. क. मेलेली बिस्नागा वाया जाऊ नये म्हणून ओतिलियाच्या आईने गराच्या वड्या पाकात मुरवल्या आहेत. परातभर आहेत, अत्तरासारख्या पारदर्शक. पण मालकांचा हुकूम आहे की एक तुकडाही उंबऱ्याबाहेर जायचा नाही. नाहीतर आपण चोरून धंदा करतो असं लोक म्हणतील. ज्याला हव्या त्याने इथं येऊन खाव्यात.

आणखी ता. क. येणारच आहेस, तर जाता जाता माझ्यासाठी ओतिलियाला मागणी घाल. मागणीची म्हणून इथं नेतात ती पाव आणि चॉकलेटची टोपली घेऊन मी स्वतःच गेलो होतो. डोन सिरिलोंनी ती ठेवून घेतली आणि म्हणाले, "टोपली पोहोचली. माणसं कधी येणार?" सान इसिद्रोच्या सणाला एक ट्रकवाला विधुर तिलाच मागायला येणार आहे. त्याला चार मावश्या आहेत आणि चारही बोलक्या. मला एकच, तीही रुसलेली. पण भांडणात ती चौघींना भारी आहे, हे मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

शेवटचं. पाकिटात नऊशे पेसो आहेत. एका माणसाचं, एका बाजूचं भाडं.