आबांचं मशीन, बेल्ट काढल्यावर

मेहरूण, रविवार संध्याकाळ

जुना बेल्ट अजून खिळ्यावरच टांगलाय. टाकवत नाही.

आज आबांच्या लोखंड कापायच्या छोट्या मिलिंग मशीनला नवी मोटर बसवली, वेग कमीजास्त करायला बटण लावलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या बोटांना वेग बदलायला पुलीवरचा बेल्ट सरकवता येईना, मग त्यांनी मशीनकडे बघणंच सोडलं. बटण एका बोटाने फिरतं. पण फिरवतील का? बाप हट्टी आहे माझा. दिवसभर हेच मनात.

चहानंतर आले. "बटन फिरवून काय काम होते व पोरी?" सवयीने तळहात मशीनच्या डोक्यावर ठेवला. बेल्टची थरथर त्यांना तिथेच कळायची; आज मशीन अगदी हळू फिरत होतं, हाताला काहीच लागेना.

"चालू कर ना."

"चालूच आहे, आबा."

हसले. किती दिवसांनी! मग बटण हळूहळू फिरवत राहिले. आवाज तळ्यावरच्या वाऱ्यासारखा चढत होता, उतरत होता. मी नुसती ऐकत बसले.

जाताना थांबले. "दसऱ्याचं कुंकू त्या बेल्टच्या झाकणावर होतं, त्याच्यासंगं गेलं. आता ह्या मोटरले कोन लावीन?"

मी करंडा पुढे केला. आबांनी बोट मोटरवर टेकवलं, ते घसरलं, टिळ्याची रेघ झाली.

बेल्ट राहू दे खिळ्यावर. रेघही पुसायची नाही.