घरच्या घरी गिअरबॉक्स

२ तारीख, सकाळी ६.४०
निर्णय पक्का. ट्रकचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन अपग्रेड करायचं. स्वतः. घरीच.
मुलगी पंधरा तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला जाते आहे. एक कपाट, एक पलंग, पुस्तकांचे नऊ खोके. मी शब्द दिलाय की सामान आपल्याच ट्रकमधून जाईल आणि ट्रक मी चालवीन. वाटेत मोठा चढ आहे. चढावर गिअर बदलताना ट्रक पाव सेकंद विचार करतो. तो पाव सेकंद मला मान्य नाही.
ही म्हणाली, अहो, चालतोय ना ट्रक? चाललेलं बघवत नाही का तुम्हाला? ‘चालणं’ आणि ‘हवं तसं चालणं’ यातला फरक समजावून सांगितला. मध्येच उठून गेली. दूध उतू जातंय म्हणे. गॅसवर दूध नव्हतं.

४ तारीख
माझं रंगाचं दुकान दहा दिवस बंद. ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी पाटी स्वतः रंगवली. अक्षर सुरेख आलंय.
एकूण तेवीस व्हिडिओ पाहिले. त्यावरून चौदा पानी टिपण तयार केलं, अनुक्रमणिकेसकट. लोक हे शिकायला वर्षं घालवतात. का, कळत नाही.

५ तारीख, दुपारी ३
ट्रान्समिशनचं तेल काढलं. माझा अंदाज ९.४ लिटर. निघालं बरोब्बर ९.४ लिटर!
भांडं सात लिटरचं होतं.

६ तारीख
गिअरबॉक्स खाली उतरवला. वजन ७८ किलो. शेवटचं वीतभर अंतर तो स्वतःच्या मर्जीने उतरला. सध्या मुलीच्या नव्या गादीवर आहे. गादीला प्लास्टिकचं कव्हर होतं. बऱ्याच भागाला होतं.
नटबोल्ट स्वयंपाकघरातल्या डब्यांत क्रमवार ठेवले, लेबलं लावून. ‘ब-४’ मधली साखर कुठे गेली, असं हिने विचारलं. साखर सुरक्षित आहे, बादलीत आहे. बादली धुतलेली होती हे सांगूनही चेहरा तसाच.

८ तारीख
मुलगी हळूच म्हणाली, बाबा, एखादा टेम्पो सांगून ठेवू का? नुसतं सांगून ठेवते हो. मी म्हणालो, हा माझ्यावर अविश्वास आहे. ती म्हणाली, बरं. हे ‘बरं’ तिने आईकडून घेतलंय.

१० तारीख
नव्या क्लच प्लेट्स बसल्या. मी कामावर अत्यंत खूश. कौतुक करायला घरात कुणी नव्हतं. दोघी पडदे घ्यायला गेल्या होत्या. मुलीच्या नव्या खोलीच्या खिडक्यांची मापं मला कुणी विचारली नाहीत. मी मिलिमीटरमध्ये दिली असती.

११ तारीख, संध्याकाळी ५
उद्या टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला मोठ्या कढईएवढा गोल डबा, हेवी ड्यूटी, नवाकोरा. चौकातल्या गिअरबॉक्स मिस्त्रीला हिने परस्पर फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. तो म्हणाला, साहेब, डबा फिरवत फिरवत आत ढकला, तीन वेळा ‘टक’ होईल. तिसरा टक ऐकल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. ऐकून घेतलं. गॅरेजमध्ये शिकलेल्या माणसांच्या अशा समजुती असतात.
ही म्हणाली, तुम्ही ट्रक उघडून ठेवलात म्हणून ती जायची थांबणार नाहीये. या वाक्याचा संबंध कळला नाही.

१२ तारीख
पहिला टक: १०.०५. दुसरा टक: १०.१७. तिसऱ्याची सव्वा एकपर्यंत वाट पाहिली. आला नाही. विचारांती निष्कर्ष: तीन टक जुन्या मॉडेलला. हे अपग्रेड आहे.

१३ तारीख
गिअरबॉक्स जॅकने वर चढवला. इंजिनापासून ११ मिलिमीटर अंतर राहिलं, व्हर्निअरने मोजलं. बोल्ट आवळत आवळत ते शून्यावर आणलं. शेवटी आतून ‘कड्’ असा आवाज आला. पार्ट्स एकमेकांना ओळखतायत. तेल भरलं. मोठं भांडं वापरलं. चुकांतून शिकावं.

१४ तारीख, सकाळी ९.३०
ट्रायल. दोघींना अंगणात उभं केलं. ट्रक सुरू केला. आवाज वेगळा आहे. दमदार. किंचित किंचाळल्यासारखा.
९.३४: ड्राइव्हमध्ये टाकला. जागचा हलत नाही.
९.३५: रिव्हर्समध्येही नाही. म्हणजे दोष दोन्हीकडे समान आहे.

१४ तारीख, दुपारी १
मिस्त्री येऊन गेला. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एवढंच विचारलं, तिसरा टक आला होता का? मी म्हणालो, प्रश्न इतका सरळ नाही. तो म्हणाला, मग डबा पुरता आत बसलाच नाही, बोल्ट आवळताना आतला पंप फुटलाय साहेब. नवा पंप यायला तीन आठवडे. हिने ‘ब-४’ डबा घासायला घेतला. भांडली असती तर बरं झालं असतं.
उद्या सामान मिस्त्रीच्या ट्रकमधून जाणार. मुलीनेच विचारलं त्याला. माझ्याकडे न बघता विचारलं, एवढी माझी लाज मात्र तिने राखली.

१५ तारीख, सकाळी ११.२०
अक्षर हलतंय. मी मागे हौद्यात बसून लिहितोय. केबिनमध्ये तिघांचीच जागा: मिस्त्री, मुलगी, ही. शिवाय कपाट धरायला जाणकार माणूस हवाच होता.
चढ लागलाय. मिस्त्रीचा ट्रक जुना, साध्या गिअरचा. पठ्ठ्या दुसरा गिअर फार उशिरा टाकतो. सांगावं म्हणून केबिनची मागची काच वाजवली.
मुलीने वळून पाहिलं. तिला वाटलं, मी हात दाखवतोय. तिनेही हसून हात हलवला, पुष्कळ वेळ.
गिअरचं नंतर सांगेन.