आखूड दोराचं गाणं

मी, मालतीबाई चिंधा बोरसे, मूळची अमळनेर तालुक्यातली, हल्ली मुक्काम गोडादरा, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावं. लिहून घेणारे किसनभाऊ आमच्या गल्लीची पत्रं लिहितात. माझं बोलणं त्यांनी शुद्ध करावं, पण त्यातलं तिखट काढू नये, अशी अट घातली आहे.

१. राहती खोली माझ्या नावावर आहे. ती माझा एकुलता मुलगा योगराज आणि त्याची बायको वर्षा यांना दोघांना मिळून द्यावी. एकट्या योगराजला देऊ नये. घर एकट्याच्या नावावर असलं की पुरुषाच्या आवाजाला धार येते, हे त्याच्या बापाच्या अनुभवावरून सांगते.

२. पोस्टातली शिल्लक माझ्या दिवसकार्याला वापरावी. उरेल ते वर्षाने घ्यावं आणि कोणी तिला हिशेब विचारू नये.

३. झोक्याचा दोर व पाट. याबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे.

उधन्याच्या एका कारखान्यात मी आणि कलाबाई शेजारी बसून बॉबिन भरत होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाया माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आम्हा दोघींना माहेर उरलं नव्हतं. त्या दिवशी अर्धे कारागीर गावी गेलेले, माग बंद. मग आम्ही कारखान्यातच छताच्या लोखंडी तुळईला दोर बांधला. गावच्या कडुलिंबाला बांधलेला दोर लांब असायचा, त्यावर ओळही लांब बसायची. इथे छत ठेंगणं, दोर आखूड. ओळ संपायच्या आत झोका माघारी फिरायचा. मी चिडले. कलाबाई हसत म्हणाली, "झोका काय थांबस व, मालते? शब्द कापी टाक."

तेव्हापासून आमची गाणी अशीच झाली. झोका पुढे जाताना तिने विचारायचं, मागे येताना मी सांगायचं.

"दोर कोनी बांधा व?"
"जो सोडी गया, त्यानी."

मधे, झोका फिरतो तिथे, एक श्वास. गल्लीतली नवी बाई पाटावर बसली की तिने एक ओळ घालायची. एखादी ओळ पुढच्या आखाजीला कोणाला आठवली नाही तर ती गेली. तिच्यासाठी रडायचं नाही. गाणं असं वाढत गेलं. ते पुरं झालं असं आम्ही कधी म्हटलं नाही.

४. कॅसेटवाला हिलाल. याने आमचं गाणं ऐकून नेलं, दुसऱ्याच मुलीकडून गाऊन घेतलं आणि श्वासाच्या प्रत्येक जागेत ढोलकी भरली. कलाबाईने कॅसेट एकदाच ऐकली. "मालते, हाई गानं मरी गयं," म्हणाली आणि उठून गेली. पुढच्या हिवाळ्यात ती तापाने वारली. त्याचा दोष मी हिलालला देत नाही. बाकीचा सगळा देते. माझ्याकडची कॅसेट त्याला परत करावी, फीत उपसून.

५. कलाबाई गेल्यापासून मला नुसती उत्तरं येतात. बॉबिन भरताना, नळावर, भाकरी थापताना. "वाट शे, गाव नही." "दिवा शे, वात नही." आणि सगळ्यात जास्त वेळा, "मी ते आठेच शे." मी इथेच आहे, एवढंच. विचारणारं कोणी नाही. गाताना शेवटच्या शब्दाआधी कलाबाई जशी अडायची तसंच ते उत्तर माझ्या तोंडात अडतं. मला त्याची भीती वाटते. डॉक्टरांनी योगराजला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मला कळलं आहे. प्रश्न सापडल्याशिवाय मी गेले तर ही उत्तरं कुठे जाणार, या विचाराने जीव घाबरा होतो. <s>म्हणून दोर आणि पाट माझ्याबरोबर चितेवर ठेवावेत.</s>

६. सून वर्षा. अकोल्याकडची. लग्न होऊन आली तशी झोक्याला एकदा शिवली नाही. "आजच्या दिवशी मेलेल्याइले पानी द्या लागते, आत्याबाई. झोके कायले खेळता?" आमच्याकडे आखाजीला पितरांसाठी घागरही भरतात आणि झोकाही बांधतात, हे मी तिला कधी शांतपणे सांगितलं नाही; टोमणे मात्र पुष्कळ मारले. ती घरी घागर भरायची, मी कारखान्यात झोक्यावर.

वरचं कलम सांगत होते तेव्हा ती मोरीत आखाजीसाठी आणलेली नवी घागर धूत होती. हात चालू होता आणि ती स्वतःशीच म्हणत होती,

"कुठी गेली वं माय?"

तिची आई ती लहान असताना वारली. दर आखाजीला घागर भरताना ती हेच म्हणते, असं योगराज सांगतो. इतकी वर्षं एका खोलीत राहून मी ते ऐकलं नव्हतं, कारण त्या वेळी मी घरात नसायचे.

माझं तोंड आपोआप बोललं, "मी ते आठेच शे."

घागर थांबली. मग वर्षाने तेच पुन्हा विचारलं, आणि ती शेवटच्या शब्दाआधी अडली. तिने कलाबाईला कधी पाहिलेलं नाही. मी खूप रडले. ती ओल्या हातांनीच माझ्याजवळ येऊन बसली.

७. सबब पाचव्या कलमातलं चितेचं वाक्य खोडलं आहे. दोर, पाट आणि माझी सगळी उत्तरं वर्षाला द्यावीत. तिने आपल्याच बोलीत विचारावं. शब्द जास्त झाला तर कापावा.

८. माझ्या मागे पहिल्या आखाजीला आधी घागर भरावी. मग झोका बांधावा. पाट रिकामा ठेवावा. वर्षाने तो पुढे लोटून विचारावं आणि तो फिरेपर्यंत श्वास धरावा. दुसऱ्या कोणी उत्तर देऊ नये. काही ऐकू आलं नाही, तर ती ओळ गेली असं समजावं, रडू नये. ऐकू आलं, तर माझ्यासारखं घाबरत बसू नये. पुढचा प्रश्न विचारावा.

हे सगळं वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं, म्हणून सही करते.

मालतीबाई चिंधा बोरसे

साक्षीदार:
रुक्मिणी भिला महाजन, शेजारीण
विठ्ठल दगा सोनवणे, माग कारागीर

लेखक: किसन झिपरू बडगुजर (खाडाखोड माझ्या हातची, बाईंच्या सांगण्यावरून)

ठिकाण: गोडादरा, सुरत
दिनांक: ६ एप्रिल १९९८