रिपोर्ट चांगला आल्याची तक्रार

ती. दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली धाप लागते, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.) तुमचा न्यूमोनिया उतरला का? खोकला सुटला का? पाठीतली कळ? तुमची बहीण तुमच्या शुश्रूषेला निघाली ती ‘आठवड्याभरात येते’ म्हणून. त्या आठवड्याला आता पोरंबाळं झाली, पण तो विषय नाही. आधी तुमची तब्येत. मी इकडे अगदी मजेत आहे. फक्त परवा मरता मरता वाचलो.

झालं असं की दुपारी सायकलचं दुकान बंद करून घरी आलो (दुपारी बंद ठेवू नये, पंक्चर उन्हातच होतं, पण घरी जेवायची खोड जात नाही), अंडी उकडली, ताट वाढून घेतलं आणि एक आख्खा बलक भलत्याच वाटेला लागला. डोळे पांढरे झाले. हात टेबलावर आपटत राहिलो. नशिबाने शेजारचे निवृत्त ड्रिलमास्तर आवाज ऐकून धावत आले आणि त्यांनी माझ्या पाठीत असे दणके घातले, की आधी बलक बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग माझी कवळी. मला खुर्चीत बसवून ते म्हणाले, “अहो, पण बोलत कोणाशी होता? जिन्यापर्यंत ऐकू येत होतं!” मी म्हटलं, रेडिओ होता. ते रेडिओकडे बघत राहिले. तो दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला आहे, त्याच्या पोटातल्या सगळ्या तारा बाहेर लोंबताहेत.

मग त्यांनी निष्कर्ष काढला की माझी छाती निकामी झाली आहे, कारण रात्रंदिवस माझे लांबलचक श्वास भिंतीपलीकडे ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी मला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, नेलं म्हणजे ‘एक-दोन, एक-दोन’ करत चालवत नेलं. बाईंच्या भिंतीवर माणसाच्या छातीचं मोठं चित्र आहे. त्यावर बोट ठेवून त्यांनी समजावलं, की घशात दोन नळ्या असतात, पुढची हवेची, मागची अन्नाची, आणि घास गिळताना हवेच्या नळीवर झाकण पडतं. माणूस घास तोंडात ठेवून बोलायला गेला की झाकणाची फजिती होते. श्वासनळीला पुढे दोन फाटे, फाट्यांना फांद्या, आणि शेवटी द्राक्षांच्या घडांसारखे बारीक वायुकोश. तिथे रक्त प्राणवायू उचलतं आणि नको ती हवा टाकून देतं. खाली एक स्नायूंचा पडदा असतो, त्यावर सगळं चालतं. मी म्हटलं, “म्हणजे पंपाचा दट्ट्या!” त्या म्हणाल्या, “उलट. पंप हवा ढकलतो, छाती हवा ओढून घेते.” चाळीस वर्षांचा धंदा, दादा, आणि मी उलटा निघालो.

आणखी एक सांगितलं त्यांनी. डावं फुफ्फुस उजव्यापेक्षा लहान असतं, कारण त्याला हृदयासाठी जागा सोडावी लागते. (आमच्या पलंगाचीही अशीच वाटणी आहे. मोठी बाजू तुमच्या बहिणीची. आता आख्खा पलंग मोकळा आहे तरी मी कडेलाच झोपतो. एकदा पडलोही.)

मग तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर एक मुलगी ओरडते आहे, “फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!” इतक्या जिव्हाळ्याने माझ्यावर कोणी ओरडल्याला फार दिवस झाले होते. मी सांगितल्यापेक्षा एकदा जास्तच फुंकलं.

रिपोर्ट उत्तम आला. मला वाईट वाटलं. छातीत काहीतरी सापडेल अशी खात्री होती. बाई म्हणाल्या, “धाप वगैरे काही नाही, तुम्ही सुस्कारे टाकता. सगळेच टाकतात, मिटलेले वायुकोश त्याने उघडतात. तुमचे जरा मोठे आहेत. घरी कोण असतं?” मी चित्राकडे बघत बसलो. ड्रिलमास्तरांनीच सांगितलं, “यांची मंडळी भावाकडे गेली आहे.” बाईंनी पेनाला टोपण लावलं. “औषध नाही. फक्त जेवताना बोलत जाऊ नका.”

मी म्हटलं, “मग जेवणात उरतं काय?”

खरं ते तुम्हाला सांगतो. मी समोरच्या खुर्चीला सांगत होतो, की आज एक गृहस्थ नुसतंच पुढचं चाक घेऊन आला आणि बाकीची सायकल कुठे विसरलो म्हणून मलाच विचारू लागला. हसण्याची जागा आली, तिथे थांबलो, कोणी हसलं नाही, आणि तेवढ्यात बलक गेला.

तुमचा मेहुणा

ता. क. यातलं अक्षरही तुमच्या बहिणीला कळू देऊ नका. ती उगाच काळजी करेल. तुम्ही सावकाश बरे व्हा.

ता. क. अगदीच सावकाश असं नाही.

ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं, तुमचा चष्मा फुटला आहे आणि पत्रं तीच वाचून दाखवते. तर अगं, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. दादांचा खोकला थांबला असेल तर ये. थांबला नसेल तर त्यांना घेऊन ये. खोल्या दोन आहेत, आणि इथली हवा मला एकट्याला संपता संपत नाही.