शेवटून पहिला नंबर

२३ मार्च, रविवार

सीझन संपला. आठ टीममध्ये आमच्या विजापूर रोड रोव्हर्सचा नंबर आठवा. आज शेवटची मॅच शेळगी स्पोर्टिंगशी, पाच-शून्य. पाचातला एकच गोल माझ्या बाजूनं झाला आणि तोही वादाचा आहे. अर्धा तास बॉल डावीकडं आलाच नव्हता. कडेला रसवंती. ग्लास हातात घेतला आणि नेमका तेव्हाच मला पास दिला. टायमिंग चुकलं, पण ते पास देणाऱ्याचं.

मॅचनंतर कॅप्टन चनबसप्पानं माझ्याकडून अकरा नंबरची जर्सी मागून घेतली. धुवायला असणार. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बिऱ्या, पुढच्या वर्षी तू आत खेळू नको. बाहेरचं बघ."

म्हणजे मॅनेजर. एवढ्या लवकर प्रमोशन होईल असं वाटलं नव्हतं. आयटीआय अर्ध्यात सोडली तेव्हा सारजाआत्या म्हणाली होती की हे पोरगं कुठं टिकायचं नाही. आज तिला मुद्दाम सांगितलं. ती बरं म्हणाली आणि दळण आणायला पाठवलं.

२५ मार्च

बाहेरचं बघायला सुरुवात. यूट्यूबवर अमेरिकेतल्या टीमांचे व्हिडिओ. सीझन संपला की तिथली माणसं खरी कामाला लागतात. टीम सुधारायच्या दोन वाटा. ड्राफ्ट, म्हणजे नवीन खेळाडू पाळीपाळीनं निवडायचे. आणि फ्री एजन्सी, म्हणजे कुणाशी बांधलेला नाही असा मोकळा माणूस गाठायचा. (मीही तसा फ्री एजंटच होतो, परवापर्यंत.)

सगळ्यात भारी गोष्ट, जी टीम शेवटची तिला पहिली निवड. म्हणजे आम्ही हरलो नाही, पहिली निवड मिळवली. हे चनबसप्पाला फोन करून सांगितलं. तो शिफ्टवर होता, ठेवला त्यानं.

ठरलं: रोज पहाटे पाचला उठून तीन तास अभ्यास.

२६ मार्च, सकाळी ९.४०

उठलो. उद्यापासून.

३० मार्च, पाडवा

मुहूर्त बघून वेणीमाधव सरांकडे गेलो. सर शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर होऊन लीग चालवतात. गुढीला गाठी बांधत होते. मी ड्राफ्ट समजावून सांगितला, दीड तास. यशोदाकाकूंनी दोनदा चहा दिला, नंतर जेवायची ताटं वाढली तरी मी बोलतच होतो. शेवटी सर म्हणाले की आजवर आपण चिठ्ठ्या टाकत होतो, एक वर्ष तुझ्या पद्धतीनं करून बघू, पण आता जा.

नियम असा ठरला. प्रत्येक टीमनं आपले पाचच खेळाडू राखायचे. बाकी सगळ्यांची आणि नव्यानं येणाऱ्यांची नावं फळ्यावर. शेवटची टीम आधी निवडणार. राखीव पाचांची यादी ५ मेला संध्याकाळी सहापर्यंत सरांकडे, निवड ११ मेला.

सोलापूरच्या फुटबॉलमध्ये आपल्यामुळे नियम बदलला. आत्याला सांगितलं. पुरणपोळी मात्र सगळ्यांना दोन तशी मलाही दोनच.

४ एप्रिल

एक छोटी अडचण. मी बघतोय त्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळतात. हे बसूनं दाखवून दिलं. बसू आमचा गोलकीपर, त्याला असलं बारीकसारीक दिसतं. मला वाटत होतं सगळे थ्रो-इनच दाखवतायत. क्वार्टरबॅक नावाच्या तिथल्या खेळाडूवर काढलेली नऊ पानं बाजूला ठेवली. तत्त्व तेच आहे.

९ एप्रिल

फ्री एजन्सी सुरू. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मानसिंग म्हणून एक स्ट्रायकर आहे, हेडर लई जबर, असं ऐकून होतो. सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात एक वऱ्हाड होतं, जेऊरला चाललेलं. गप्पा रंगल्या. नवऱ्याच्या मामाचं म्हणणं, कुर्डुवाडी काय, उद्याही तिथंच असणार, लग्न मात्र आज आहे. मुद्दा बरोबर वाटला.

पंगत चांगली झाली. वऱ्हाडात एक जण सहा फुटाच्या वर होता. गोलकीपर म्हणून नोंद केली. नाव विचारायचं राहिलं.

१७ एप्रिल

या वेळी खिडकीकडं तोंड करून बसलो, कुणाशी बोललो नाही. कुर्डुवाडीला उतरलो. मानसिंग खरंच जबर आहे. वय चौतीस-पस्तीस, मिशा, आणि बॉल हवेत असताना त्याच्याशिवाय दुसऱ्याला तो दिसतच नाही. दहा मिनिटांत तीन हेडर. मी शब्द देऊन टाकला की पहिली निवड तूच. आयुष्यात कुणीच मला पहिलं निवडलं नाही, असं म्हणाला तो. वडापाव खाऊ घातला मला.

एकच गोष्ट म्हणाला, रविवारी ड्यूटी लागली तर यायला जमणार नाही. किरकोळ आहे. पुढं बघू.

२४ एप्रिल

त्रेचाळीस डिग्री. आता डिफेन्स. डोक्यात नवीन पद्धत आली, अमेरिकेतसुद्धा नसेल. चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट सुटली की माणसं बस पकडायला पळतात. खरा वेग तिथंच दिसणार. बाभळीखाली मोबाइलचं घड्याळ लावून बसलो. गेट उघडलं. सगळ्यांच्या पुढं निळ्या शर्टातला एक जण, डबा काखेत, दोघांना चुकवून, एकाला खांदा देऊन, नुसता वारा. उभा राहून टाळ्या वाजवल्या. हाच आपला डिफेंडर असं ठरवलं.

जवळ आल्यावर बघितलं तर चनबसप्पा.

तो बसमध्ये चढला नाही. तू हितं काय करतोयस, विचारलं. स्काउटिंग, म्हणालो. त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि म्हणाला की बाकी काय करू नको, फक्त यादी वेळेवर दे. पुढची बस पाऊण तासानं होती. दोघं बाभळीखाली बसलो. अमेरिकेबद्दल मी बरंच सांगितलं.

४ मे

चनबसप्पानं पाच नावं लिहून कागद दिला. स्वतः, बसू, अद्वैत आणि मागची दोन डिफेंडर पोरं. माझं नाव नाही. बरोबरच आहे, मॅनेजरचं नाव यादीत नसतं.

५ मे, संध्याकाळी ७

यादी दिली. सहाला दहा कमी असताना. कुणी म्हणू नये की बिरदेव वेळ पाळत नाही.

वाटेत फक्त एक सुधारणा केली. चनबसप्पावर जागा कशाला घालवायची? तो आमचा आहे हे अख्ख्या सोलापूरला माहीत आहे, त्याला कोण नेणार? आमच्यातला ओजस मात्र दोनदा शेळगीवाल्यांच्या मोटारसायकलवर दिसलाय. म्हणून चनबसप्पा खोडून ओजस लिहिला. यालाच विचार करणं म्हणतात.

सरांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे कॅप्टनला माहीत आहे का, विचारलं. म्हणालो, अक्षर त्याचंच आहे. बरंचसं.

८ मे

फळ्यावरच्या नावांची यादी ग्रुपवर आली. चार नंबरला चनबसप्पा. एकसष्ट नंबरला मी. माझ्याबाबतीत टायपिंगची चूक असणार.

चनबसप्पाचे अकरा मिस्ड कॉल. फोन सायलेंटवर होता, विचार चालू असताना ठेवतो. दुपारी बसू घरी आला. त्याला सगळी स्ट्रॅटेजी सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली, ताक प्यायला आणि म्हणाला, "दुसरी निवड शेळगीची हाय. ती पण सोलापुरातलीच हायत की."

हा मुद्दा व्हिडिओत नव्हता.

आता मानसिंगचं नाव घेतलं तर चनबसप्पा शेळगीला जाणार. चनबसप्पाचं घेतलं तर मानसिंगला दिलेला शब्द गेला. जेवण गेलं नाही. म्हणजे एक भाकरी कमी.

११ मे, रविवार

सरांच्या जुन्या शाळेतला वर्ग. सगळे बाकांवर. शेळगीचा मॅनेजर पहिल्या बाकावर, किल्ली बोटात फिरवत. चनबसप्पा शेवटच्या बाकावर, हाताची घडी. मानसिंग कुर्डुवाडीहून आपणहून आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून हात केला त्यानं.

सरांनी विचारलं, विजापूर रोड, पहिली निवड? मी उभा राहिलो. पंख्याकडं बघितलं. सात वर्षांपूर्वी मंद्रूपहून सोलापूरला आलो तेव्हा पहिल्यांदा मैदानावर नेलं ते चनबसप्पानं. स्वतःचे जुने बूट दिले होते. दोन नंबर मोठे. हे सगळं तेव्हाच का आठवावं कळत नाही.

म्हणालो, चनबसप्पा.

सरांनी परत विचारलं. "तुमचाच कॅप्टन?"

व्हय, म्हणालो. वर्ग एवढा हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. फुकट आपला असलेला माणूस आम्ही पहिल्या निवडीत विकत घेतल्यासारखा घेतला. मानसिंग शेळगीला गेला. जाताना त्यानं इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट केली, माझ्याकडं बघितलं नाही.

मग चनबसप्पा उठून पुढं आला. मला सरकायला सांगितलं नाही, मीच सरकलो. पुढची सगळी नावं त्यानं घेतली.

शेवटी फळ्यावर एक नाव उरलं. एकसष्ट. लीगच्या फॉर्मवर खेळायच्या जागेपुढं 'मॅनेजर' लिहिलेलं. सरांनी सगळ्या टीमना विचारलं. शेळगीवाला किल्लीकडं बघत होता. कुणीतरी खोकलं.

"हितंच लिवा, सर," चनबसप्पा म्हणाला. "शेळगीवाल्यांचं कशाला वाटोळं करायचं."

परत हशा. मीही हसलो. जरा उशिरा.

१२ मे

शांतपणे विचार केला. पहिली निवड आमची, शेवटची निवड आमची. असं दुसऱ्या कुठल्या टीमला जमलंय? शिवाय खरी रत्नं शेवटच्या फेरीतच सापडतात, यावर वेगळा व्हिडिओ आहे.

तो बघितला. अर्धा.

१५ मे

सॉरी म्हणायला चिंचोळीला गेलो. वाटेत कुठंही थांबलो नाही, हे इथं लिहून ठेवतो. शिफ्ट सुटली. चनबसप्पा पळत आला, थांबलाच नाही, म्हणून मीही शेजारून पळत पळत बोललो. तो बसमध्ये चढला, बस सुटली, तरी माझं वाक्य संपलं नव्हतं, म्हणून पळत राहिलो. खिडकीशी बरोबरी झाली. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"पळतोस की रे. मैदानात काय हुतं तुला?"

मग म्हणाला, एक तारखेला नव्या सीझनची पहिली मॅच आहे, शेळगीशी, चार वाजता. "ये. आणि कुटं जाऊ नको."

चौकापर्यंत पळालो. माझा वेळ मोजायला कुणी नव्हतं.

१६ ते ३१ मे

रोज पळालो. रोज म्हणजे सहा दिवस.

१ जून, रविवार

तीनलाच मैदानावर. सगळ्यांच्या आधी. अजून कुणी आलेलं नव्हतं, म्हणून गेटपाशी उभा राहिलो. कुठंही जाणार नव्हतो.

सव्वातीनला रस्त्यावरून एक म्हैस दावं तोडून सुटली आणि तिच्यामागं एक माणूस. असा पळणारा माणूस मी चिंचोळीतसुद्धा बघितला नाही. रिक्षा चुकवली, दुभाजक ओलांडला, वेग तोच. असला लेफ्ट बॅक परत दिसणार नाही. फक्त नाव विचारून यायचं असं ठरवून मागं गेलो.

सात रस्ता चौकाच्याही पुढं म्हैस थांबली. नाव चनमल्लप्पा, वय बावन्न. फुटबॉल कधी बघितलेला नाही. म्हैस पण त्याची नव्हती. पण गप्पांना माणूस चांगला. म्हशीचा मालक येईपर्यंत दोघांनी दावं धरलं.

परत आलो तेव्हा साडेसहा. बसू गोलपोस्टची जाळी सोडत होता, एकटाच. त्यानं सांगितलं ते असं. अद्वैतला ऊन लागलं, एक जण लग्नाला गेला, मग आम्ही दहाच. तिकडं मानसिंगला ड्यूटी लागली, म्हणून शेळगीचेही दहाच. चनबसप्पानं दहा मिनिटं मॅच थांबवली होती. गेटपर्यंत दोनदा जाऊन आला. शेवटी सरांनी शिट्टी मारली.

एक-शून्य. जिंकलो आम्ही. डावीकडं आमचं कुणीच नाही म्हणून शेळगीवाल्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही, आणि तिथूनच चनबसप्पा बॉल घेऊन गेला.

चनबसप्पा काही म्हणाला का, मी विचारलं. बसूनं बाकाकडं बोट केलं. बाकावर अकरा नंबरची जर्सी होती. धुतलेली, इस्त्री केलेली, घडी न मोडलेली.

म्हणजे मार्चमध्ये खरंच धुवायलाच घेतली होती.

जर्सी घरी आणली. आत्यानं विचारलं, पाण्यात टाकू का. नको म्हणालो. घातलीच नाही.